तुऱ्या मोठा झाला

कोल्हापूरहून कराडला परतेपर्यंत मैथिलीनं थर्माकोलचा डबा मांडीवरून खाली ठेवला नाही. गाडी आपली आपण चालत होती. रस्त्यात खड्डा दिसला की ती एखाद्या भिडस्त पाहुण्यासारखी आधीच हळू व्हायची, तरी प्रत्येक धक्क्याला मैथिली डबा दोन्ही हातांनी उचलून धरायची. म्हणजे डाव्या हातानं उचलायची आणि पांढऱ्या हातमोज्यातला उजवा खालून टेकवायची.

डब्यातल्या गार पाण्यात तुऱ्या पडून होता. वीतभर लांब, गुलाबीसर पांढरा, आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन लालभडक कल्ले, कोंबड्याच्या तुऱ्यासारखे झुलणारे. त्याच्या तोंडाची ठेवणच अशी, की काहीही झालं तरी तो हसतोय असं वाटावं. त्याचा पुढचा उजवा पाय सकाळी कोल्हापूरच्या उपचार केंद्रात कापला होता. ही तिसरी वेळ होती आणि तो हसतच होता.

"दुखत असेल त्याला," मैथिली म्हणाली.

"नाही गं. भूल देतात," तिची आई, वृषाली, पुढच्या सीटवरून मागे वळली.

"आणि भूल उतरल्यावर?"

वृषालीनं पाण्याची बाटली पुढे केली. शेजारी बसलेल्या निरंजननं, मैथिलीच्या बाबानं, उगाचच खिडकीची काच खाली करून पुन्हा वर केली. घरात अवघड प्रश्न निघाला की त्याला अशी बारीकसारीक कामं सुचायची.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात मैथिली मामाच्या गावी गेली होती आणि गोठ्यातल्या कडबाकुट्टीच्या यंत्रात तिच्या उजव्या हाताची चार बोटं गेली होती. अंगठा तेवढा राहिला. तेव्हा ती आठ वर्षांची होती. पोरगी चिवट, चार-सहा महिन्यांत डाव्या हातानं लिहायला शिकली, डाव्या हातानं वेणीसुद्धा घालायला लागली. सावरली नाही ती तिची आई. त्याच वर्षी नात्यातल्या एका लग्नात पंगतीत बसल्यावर मैथिली डाव्या हातानं भात कालवायला लागली आणि समोरच्या ओळीतल्या कमलआत्या, निरंजनच्या थोरल्या आत्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बाई बाई बाई, काय वेळ आली गं पोरीवर! डाव्या हातानं जेवायची!" मैथिलीनं मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. तिला भूक लागली होती. वृषालीनं मात्र पान तसंच सोडलं. त्या दिवसापासून तिला आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. आपली लेक चारचौघांच्या पंगतीत, स्वतःच्या उजव्या हातानं जेवताना दिसायला हवी होती.

आणि ते शक्य झालं होतं.

तुऱ्याची जात ॲक्झोलॉटल, मूळचा मेक्सिकोतल्या तळ्यांमधला प्राणी. बेडकाचं पिल्लू शेपूट टाकतं, पाण्याबाहेर येतं आणि मोठं होतं. हा गडी मोठं व्हायचंच नाकारतो. जन्मभर पाण्यात, कल्ल्यांनी श्वास घेत पोरवयातच राहतो. आणि त्याचा पाय तुटला तर पुन्हा येतो. हाड, स्नायू, नसा, बोटं, सगळं जिथल्या तिथं. माणसाचं शरीर जखम झाली की घाईघाईनं वण पाडून दुकान बंद करतं. ह्याचं शरीर दुकान उघडं ठेवतं. जखमेजवळच्या पेशी आपण कोण होतो ते विसरतात, एकत्र येऊन अंकुर धरतात आणि पहिल्यापासून पाय घडवतात.

हा हुकूम नेमक्या कुठल्या रसायनाचा, हे शोधण्यात शास्त्रज्ञांच्या दोन पिढ्या गेल्या. शेवटी लक्षात आलं, की रसायन एक नाहीच. शेकडो संदेश आहेत, त्यांना क्रम आहे, आणि तो क्रम जखमेकडे बघून तासातासाला बदलतो. असली गोष्ट बाटलीत भरता येत नाही. मग उलट्या बाजूनं विचार झाला. ॲक्झोलॉटल अंड्यात असतानाच त्याच्यात रुग्णाच्या थोड्या पेशी सोडायच्या. तो वाढला की त्याच्या रक्तातले संदेश त्या रुग्णाच्या शरीराला आपलेच वाटतात. त्याचा पाय कापायचा, आणि तो वाढत असताना त्याच्या रक्ताचा एक थेंब रोज रुग्णाच्या पुन्हा उघडलेल्या जखमेला द्यायचा. तिकडे त्याचा पाय वाढतो, इकडे माणसाचं बोट. अडचण एवढीच, की त्याचा पाय दोन-तीन महिन्यांत पुरा होतो आणि माणसाच्या बोटाला दीड-दोन वर्षं लागतात. त्यामुळे त्याचा पाय पुरा झाला की पुन्हा कापायचा.

केंद्रातले लोक ह्याला 'नूतनीकरण' म्हणत. प्राण्याला नाव देऊ नका, असंही त्यांनी बजावलं होतं. मैथिलीनं पहिल्याच दिवशी गाडीत बसायच्या आत नाव ठेवून टाकलं. ॲक्झोलॉटलच्या पुढच्या पायाला बोटं चारच असतात. "माझी गेली तेवढीच," ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, जणू तो तिचा मानलेला भाऊ होता.

त्याचं सगळं करायची मात्र वृषाली. घरी तिचा लोणच्यांचा व्यवसाय. हात कायम तिखट-हळदीचे. ते साबणानं तीन-तीनदा धुवून मगच ती काचेच्या टाकीत हात घालायची. पाणी गार ठेवायचं यंत्र होतं, पण वीज गेली की बर्फाच्या बाटल्या बदलायला तीच उठायची. सकाळी पेनासारख्या बारीक यंत्रानं त्याच्या शेपटीतून थेंब काढायचा, मैथिलीच्या हातमोज्यावरच्या झाकणात सोडायचा, मग त्याला किडे भरवायचे. सुरुवातीला किळसेनं तिचं अंग शहारायचं. पुढे पुढे ती त्याच्याशी बोलायला लागली. "खा बाबा, तू खाल्लंस तर तिचं होणार," असं म्हणायची. मोज्याच्या आत मैथिलीची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत आली होती, गुलाबी आणि मऊ, तान्ह्या बाळाची असतात तशी.

ह्या तिसऱ्या खेपेला जखम चिघळली. दिवाळी तोंडावर आली होती. कापलेल्या जागी कापसासारखी पांढरी बुरशी धरली, तुऱ्या टाकीच्या कोपऱ्यात जाऊन बसला आणि किड्याकडे बघेना. बुरशीवर उपाय म्हणजे मिठाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं. त्यासाठी केंद्रानं मिठाची खास पुडी दिली होती, ती दोन आंघोळींत संपली. ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी केंद्राचा फोन कोण उचलणार?

"मरेल का गं तो?" मैथिलीनं विचारलं.

"मरेल कसा? मी आहे ना," वृषाली म्हणाली.

घरात मीठ दोन प्रकारचं होतं. जिन्याखाली लोणच्याच्या जाड मिठाचं पोतं होतं. मिठागरातून आलेलं, मळकट, मध्येच एखादा खडा नाही तर काडी सापडणारं. ते लोणच्यात चालतं, आजारी जिवाला कसं चालेल? वृषालीनं स्वयंपाकघरातल्या बारीक, पांढऱ्याशुभ्र मिठाची नवी पिशवी फोडली. घरच्या माणसांना जे घालतो तेच त्याला, अशा मायेनं तिनं ते पाण्यात विरघळवलं.

आणि गुण आला! दोन दिवसांत बुरशी गेली, भाऊबीजेला तुऱ्यानं तिच्या बोटातून किडा ओढून घेतला. मैथिलीनं तुऱ्यालाही ओवाळलं. निरंजन म्हणाला, "घरात डॉक्टर असताना आपण कोल्हापूरला कशाला जातो?" वृषाली खुलली. खुलली आणि बुरशी गेल्यावरही आंघोळी चालू ठेवल्या. औषधानं गुण आला की ते जरा जास्तच द्यायचं, ही आपल्याकडच्या आयांची जुनी खोड.

तीनेक आठवड्यांनी मैथिली टाकीपाशी ओरडली, "आई, लवकर ये! तुऱ्यानं डोळे मिचकावले!"

ॲक्झोलॉटलला पापण्या नसतात. वृषालीला ते ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिलाही आधी कौतुकच वाटलं. मग तिचं लक्ष कल्ल्यांकडे गेलं. ते आखडून नुसते खुंट उरले होते. शेपटीची झालर विरली होती, कातडी जागोजागी सुटत होती. टाकीतल्या दगडावर चढून तुऱ्या डोकं पाण्याबाहेर काढून बसला होता आणि गळा हलवत हवा घेत होता. त्या दिवशी तिनं मैथिलीचा मोजा काढून बोटं पट्टीनं मोजली. ती मागच्या पंधरवड्याएवढीच होती.

केंद्रातल्या डॉक्टर बेळगली मितभाषी बाई होत्या. त्यांनी तुऱ्याला उलटसुलट करून पाहिलं आणि मैथिलीला परिचारिकेबरोबर मासे बघायला बाहेर पाठवलं.

"मीठ कुठलं वापरलंत?"

वृषालीनं सांगितलं. डॉक्टरांनी क्षणभर डोळे मिटले.

"त्या मिठात आयोडीन असतं. माणसाला गलगंड होऊ नये म्हणून घालतात. गळ्यातल्या ग्रंथीला ते लागतं. ॲक्झोलॉटलची ही ग्रंथी झोपलेली असते, म्हणून तो मोठा होत नाही. नुसत्या ॲक्झोलॉटलला एवढ्यानं कदाचित काही झालं नसतं. पण रुग्णाच्या जोडीच्या प्राण्यात माणसाच्या पेशी असतात, त्याची झोप सावध असते. ती मोडली. तो आता मोठा होतोय. जमिनीवरचा प्राणी होतोय."

"म्हणजे पुन्हा..."

"नाही. हे मागे फिरत नाही. आणि मोठा झाला, की पाय उगवायची ताकद जवळजवळ जाते. पोरपणाबरोबरच जाते ती."

जिन्याखालचं जाड मीठ वृषालीच्या डोळ्यांपुढे आलं. त्यात आयोडीन नसतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? लोणचं काळवंडू नये म्हणूनच तर ती ते मुद्दाम मागवायची. तिला उठून जाऊन कुठंतरी डोकं आपटावंसं वाटलं.

निरंजननं विचारलं, "दुसरा प्राणी नाही करता येणार?"

"एका शरीराला एकच जोडी. दुसरीला शरीर परकं मानतं." मग डॉक्टर टेबलाकडे बघत म्हणाल्या, "एक मार्ग आहे. बदल पुरा व्हायला अजून महिनाभर जाईल. त्याआधी त्याचे चारही पाय एकदम काढायचे आणि जे निघेल ते सगळं, रक्तासकट, घ्यायचं. त्यातून तिची बोटं पुरी होतील, ह्याची मला खात्री आहे. प्राणी अर्थात राहणार नाही. नाही केलं, तर बोटं आहेत तेवढीच राहतील, आणि तो दोन-चार वर्षं जगेल. करायचं असेल तर तब्येत मात्र हवी. आत्ताच्या अशक्त अवस्थेत काही हाती लागणार नाही. आधी त्याला बरा करा."

घरी आल्यावर निरंजननं हट्ट धरून मैथिलीला सगळं सांगितलं. मैथिलीनं ऐकून घेतलं आणि मोजा काढून हात पुढे केला.

"हे बघ," ती म्हणाली. आखूड बोटांत पेन्सिल धरून तिनं कागदावर आपलं नाव लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं, पण आलं. "एवढी पुरेत मला. त्याला मारायचं नाही."

"बाळा, जन्माचा प्रश्न आहे," वृषाली म्हणाली. "लोकांत वावरायचं, जेवायचं..."

"मला डाव्या हातानं जमतं जेवायला. तुलाच जमत नाही."

वृषालीचा चेहरा तांबडा झाला. दहा वर्षांच्या पोरीनं असं तोंडावर बोलावं! राग आला, आणि रागाच्या तळाशी लाजही होती. ती एवढंच म्हणाली, "बरं, बघू. आधी त्याला बरं तर करू या."

'बघू' ह्या शब्दावर मुलांनी कधी विसंबू नये. पण मैथिलीनं आईच्या गळ्यात हात टाकले.

मग मायलेकी कामाला लागल्या. टाकीतलं पाणी उतरवून तिथं ओला काथ्या आणि शेवाळ अंथरलं. तुऱ्याची सुटणारी कातडी त्याच्या बोटांत गुंतायची, ती वृषाली ओल्या कापसानं हळूहळू सोडवायची. तो खाईना, तेव्हा तिनं मागच्या अंगणातल्या कुंड्या उपसून गांडुळं काढली आणि त्यांचे तुकडे त्याच्या ओठांपाशी धरून बसली. मैथिली शाळेतून आली की दप्तर टाकून आधी पाण्याचा फवारा मारायची. "आज खाल्लं का?" हा तिचा पहिला प्रश्न. दोघींनाही तो बरा व्हायला हवा होता. कशासाठी, ते दोघींचं वेगळं होतं, आणि हे दोघींपैकी एकीलाच ठाऊक होतं.

अवघड हे होतं, की तुऱ्या ओळखायला लागला. वृषालीचा हात आत आला की लुटूलुटू चालत यायचा आणि तिच्या तळव्यावर हनुवटी टेकून डोळे मिटायचा. आता त्याला पापण्या होत्या ना. कापलेला पाय बदलाआधी जेवढा वाढला तेवढाच राहिला होता, त्यावर चार बोटांच्या जागी चार कोंब. हसरं तोंड मात्र तसंच होतं. एकदा ती निरंजनला म्हणाली, "माझ्याच्यानं नाही होणार हे."

"मग नको करूस."

"आणि ती? वीस वर्षांची झाल्यावर मला विचारेल, तुझ्या हातात होतं तर का नाही केलंस? तेव्हा काय सांगू? एका पालीसाठी?"

ती पाल नव्हे, हे तिला चांगलंच माहीत होतं. निरंजननं विचारलं, "तू न्यायचं ठरवलंस तर मी येऊ का बरोबर?" अडवतो, असं तो म्हणाला नाही. वृषालीला त्याचा ह्यापूर्वी इतका राग कधी आला नव्हता.

शाळेची सहल होती त्या दिवशी ती एकटीच निघाली. निघण्यापूर्वी तिनं तुऱ्याला एक अख्खं गांडूळ भरवलं. गाडी आपली आपण चालत होती आणि डबा तिच्या मांडीवर होता. केंद्रातल्या माणसानं हात पुढे केला, तेव्हा तुऱ्या तिच्या मनगटावर चढून बसला. त्याची बोटं तिला एकेक करून सोडवावी लागली. ती बाहेर बाकावर बसून राहिली. नंतर तिच्या हातात बर्फात ठेवलेली बोटभर कुपी दिली गेली. घरी येईपर्यंत तिनंही ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

मैथिली आली तेव्हा टाकी धुवून उपडी घातली होती. ती टाकीकडे पाहत दाराशीच उभी राहिली.

"त्याला खायला दिलं होतंस?"

"हो," वृषाली म्हणाली.

"आज?"

"हो गं. निघताना."

मैथिली आत गेली. रडारड नाही, आदळआपट नाही. वृषालीनं मनाशी किती उत्तरं तयार ठेवली होती, त्यातलं एकही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी कुपीतलं औषध द्यायला मैथिलीनं हात पुढे केला, तो दुसऱ्या कुणाचा तरी धरून आणावा तसा. औषध संपेपर्यंत ती रोज तो तसाच पुढे करत राहिली.

बोटं पुरी झाली. पुढच्या पावसाळ्याअखेर नखंसुद्धा आली. डॉक्टर बेळगलींनी टाचणी टोचून पाहिली, मूठ वळवून घेतली, आणि केंद्रातल्या लोकांनी हाताचे फोटो काढले. मैथिली त्या हातानं लिहायला लागली, बुटाच्या नाड्या बांधायला लागली. आईशी बोलायचीही, विचारलं तेवढं. घरात जेवताना मात्र ती जुन्या सवयीनं डावाच हात वापरायची. सवय मोडायला वेळ लागतो, असं वृषाली स्वतःला सांगायची.

निरंजनच्या चुलतभावाच्या वास्तुशांतीला सगळी भावकी जमली. कमलआत्यांनी मैथिलीला जवळ ओढलं, तिचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन गालाला लावला. "सोन्यासारखा हात आला गं बाई! आईनं किती केलं तुझ्यासाठी, विसरू नकोस हो."

"नाही विसरणार, आजी," मैथिली म्हणाली.

पानं मांडली गेली. मैथिली आणि वृषाली शेजारी-शेजारी बसल्या, समोर कमलआत्या. वाढप्यानं पानाच्या डोक्याशी मीठ वाढलं, लिंबाची फोड वाढली, मग भाताची मूद, वर वरण, तूप. वृषाली स्वतःच्या पानाकडे बघतच नव्हती. ह्याच घटकेची तिनं तीन वर्षं वाट पाहिली होती.

मैथिलीनं उजवा हात मांडीवर ठेवला, त्यावर ओढणीचं टोक ओढून घेतलं आणि डाव्या हातानं शांतपणे भात कालवायला सुरुवात केली.

"अगं, हे काय?" कमलआत्या म्हणाल्या. "उजव्या हातानं जेव ना आता! आलाय की एवढा चांगला हात!"

मैथिलीनं ह्या वेळी मान वर करून पाहिलं. आत्यांकडे नाही, आईकडे.

"तो माझा नाहीये," ती म्हणाली, आणि घास घेतला.

आत्यांना काही कळलं नाही. त्या शेजारणीला काहीतरी सांगत हसल्या. वाढपी मिठाची वाटी घेऊन पुन्हा ओळीतून आला. "मीठ हवंय का, वहिनी?" त्यानं वाकून विचारलं. वृषालीनं पानावर आडवा हात धरला.